नाचणीचं गवत

डिसेंबर अर्धा झाला की अम्मा गॅलरीतून हाक मारायची, "बाय, नाचणी भिजत घातलीस का?" माहीमच्या चाळीत आमचं आणि आंटींचं दार शेजारी-शेजारी. आम्ही रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान, त्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती, मुंबईच्या मूळच्या रहिवाशांपैकी. बुधवारी त्या सेंट मायकल चर्चच्या नोव्हेनाला जायच्या. १९४८ पासून चालत आलेली ही प्रार्थना त्यांनी क्वचितच चुकवली असेल. गुरुवारी अम्मा मखदूमबाबांच्या दर्ग्यावर. दोघींची मराठी वेगळ्या वळणाची, पण भांडताना अडचण येत नसे.

नाचणी गोठ्यासाठी. येशूजन्माचा देखावा मांडायचा तर कुरण हवं. भिजवलेली नाचणी ताटलीतल्या मातीवर पेरायची, वर ओलं फडकं टाकायचं. आठ-दहा दिवसांत बोटभर हिरवं गवत येतं. दारावर कामट्यांचा कागदी तारा. घरात नेवऱ्या, म्हणजे आपल्या करंज्याच, आणि कलकल. नारळाच्या दुधात मळलेल्या मैद्याची सुपारीएवढी गोळी काट्याच्या पाठीवर नाहीतर नव्याकोऱ्या कंगव्यावर दाबायची, शिंपल्यासारखी गुंडाळून तळायची आणि पाकात घोळायची. हे एकटीचं काम नव्हे. दोन किलो मैद्याला चार बायका बसल्या तरी अख्खी दुपार जाते.

२००० साली रमजानच्या शेवटच्या दिवसांत नाताळ आला. ईद त्याच आठवड्यात. आंटींच्या गुडघ्यांनी दगा दिलेला, मुलगी कॅनडात, मुलगा आखातात. अम्मानं रोजा ठेवून त्यांचं घर आवरायला घेतलं. जळमटं काढली, पडदे धुतले, फरशी घासली. दर्ग्याच्या मेळ्याला आलेले आमचे एक नातलग तेव्हा घरी उतरले होते. दारातूनच म्हणाले, "भाभी, रमजानात मूर्त्या सजवायला निघालात?"

अम्मा काही बोलली नाही. रात्री मात्र तिला झोप लागली नाही. मी तिच्या शेजारीच झोपत असे, म्हणून मला ठाऊक. टोमणा परक्याचा असता तर तिनं उडवून लावला असता. पण ते गृहस्थ वाईट नव्हते, आणि अम्मा पाच वक्ताची नमाजी. प्रश्न तिलाही पडलाच होता.

सकाळी ती आंटींना म्हणाली, "घर मी करते, गवत मी लावते, कलकल मी करते. बाहुल्या तू मांड. त्यांना माझा हात नको."

मला वाटलं, आता आंटी दुखावणार. त्या म्हणाल्या, "मी तरी कुठं देणार होते? गेल्या साली झाडताना मेंढरू फोडलंस माझं."

कलकल झाले, पण चव कोण बघणार? आम्ही सगळ्या रोजात आणि आंटींना डायबेटिस. मगरिबची अजान झाल्यावर पहिला कलकल तोंडात टाकला, तर पाक पातळ. इफ्तार आटोपून सगळे पुन्हा घोळले.

संध्याकाळी आंटी स्टुलावर बसून गोठा मांडत होत्या, अम्मा उंबऱ्याशी बसून बघत होती. मध्येच तिनं विचारलं, "ह्यात खजूर कुठाय?" आंटींना कळेना. मग अम्मानं सूरे मरियममधली गोष्ट सांगितली. तिथं गोठा नाही. कळा सुरू झाल्यावर मरियम एकटीच खजुराच्या बुंध्याशी जाते. तिला सांगितलं जातं, बुंधा हलव, ताजा खजूर पडेल, तो खा, पाणी पी. "तुमच्यात बाळंतिणीला खायला काय दिलं?"

आंटींनी विचार केला. "राजे आले, सोनं आणलं, धूप आणला... खायला नाही गं काही आणलं कुणी."

आमच्या इफ्तारच्या ताटातले तीन खजूर त्यांनी स्वतःच्या हातानं नाचणीच्या गवतावर ठेवले. येशू देवाचा पुत्र की अल्लाहचा पैगंबर, यावर दोघींचं एकमत शेवटपर्यंत झालं नाही. चांदरात्री आंटी आमच्या स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसल्या आणि शीरखुर्म्यासाठी बदाम कापत राहिल्या. जाड कापत होत्या. अम्मा चिडली.

आता चाळ नाही. तिथं टॉवर आहे. दोघीही गेल्या. गेल्या डिसेंबरात आंटींच्या मुलीचा कॅनडाहून फोन आला, नाचणी नेमकी कोणत्या तारखेला पेरायची? आईनं काही लिहून ठेवलं नव्हतं. अम्माच्या वहीत सापडलं. शीरखुर्म्याच्या सामानाच्या यादीखाली, तिच्या मराठी शाळेतल्या अक्षरात: "बायची नाचणी, १४ तारखेला भिजवणे."

"इथल्या थंडीत उगवेल का?" तिनं विचारलं. म्हटलं, हीटरजवळ ठेव. मग मी विचारलं, "खजूर ठेवतेस का गं?"

"ठेवते ना. मुलं विचारतात, हे कशाला? आई ठेवायची, एवढंच सांगते. तुला माहीत आहे का?"

मी सांगायला बसले. तिकडे मध्यरात्र होत आली होती, पण तिनं फोन ठेवला नाही.