चढ नावे, उतार जमा

आयर्लंड सपाट आहे असे मला ज्या गृहस्थांनी सांगितले, ते तो देश मोटारीतून हिंडून आले होते. मोटारीत बसलेल्या माणसाला कोणताही देश सपाटच असतो. जमिनीचा खरा आकार कळायला सायकल हवी. नकाशावर जो भाग गुळगुळीत हिरवा दिसतो, तोच सायकलवरून पाहिला की वर्षानुवर्षे न पिंजलेल्या गादीसारखा निघतो. डोंगर म्हणावा तर डोंगर नाही, मैदान म्हणावे तर मैदान नाही. चढ संपला की उतार, आणि उतार संपतो न संपतो तोच पुन्हा चढ. मी बी.कॉम. असल्यामुळे यातले मर्म मला चटकन उमगले. ही दुहेरी नोंदीची पद्धत आहे. चढ नावे, उतार जमा. फुकट मिळालेला एकही उतार या देशात नाही; प्रत्येकाची वसुली पुढच्या वळणावर होते. समोरून वारा असला, तर व्याजासकट!

आता पुण्यातल्या एका बँकेचा कारकून आयर्लंडच्या आडरस्त्यावर सायकल हाणत काय करत होता, असे तुम्ही विचाराल. तर मी वकिलीवर गेलो होतो. भाचा सहा वर्षे डब्लिनला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. त्याने तिथे घर घ्यायचे ठरवले, तेही तीस वर्षांच्या कर्जावर. ही बातमी साताऱ्याला पोचताच ताईचा मला फोन आला. "तीस वर्षांचं कर्ज म्हणजे तीस वर्षं तिकडेच की रे! तू बँकेतला माणूस. तुझं ऐकेल. जा आणि समजावून ये." भाच्यानेच तिकीट पाठवले होते, तेव्हा मामाला नाही म्हणायला तोंड नव्हते.

भाचा हुशार. मामा कशासाठी येतो आहे हे त्याने ओळखले असावे. विमानतळावरच म्हणाला, "मामा, दोन दिवस सायकलवरून बॉइन नदीच्या खोऱ्यात जाऊ. वाटेत निवांत बोलता येईल." सायकलवर निवांत बोलता येते ही कल्पना ज्याने काढली त्याने चढ पाहिलेला नसतो. चढावर मला दम लागे म्हणून मी बोलू शकत नसे आणि उतारावर भाचा इतका पुढे गेलेला असे की बोलून उपयोग नसे. ताईने पढवलेली सगळी वाक्ये मी अशी दोन दिवस छातीत घेऊन फिरत होतो.

सायकली आगगाडीत घालून आम्ही ड्रॉहडा गावी उतरलो. या नावाच्या स्पेलिंगमध्ये एक 'जी' आहे, पण उच्चारात तो कायम रजेवर असतो. तिथून नदीकाठाने सायकलींसाठी केलेला सुरेख रस्ता आहे. ऑगस्टअखेरचे दिवस, भुरभुर पाऊस. तिकडे अशा हवेला 'सॉफ्ट डे', म्हणजे मऊ दिवस म्हणतात. आपल्याकडे मऊ भात असतो, मऊ गादी असते. दिवसही मऊ असू शकतो हे मला चाळिशी उलटल्यावर समजले. पाठीमागून तो हळूहळू शर्टात झिरपत असतो, एवढेच.

पाच-सहा किलोमीटरवर ओल्डब्रिज लागते. १६९०च्या जुलैमध्ये इथे इंग्लंडच्या गादीसाठी दोन राजांची लढाई झाली. एका बाजूला विल्यम, सैन्य ३६ हजारांच्या आसपास. दुसऱ्या बाजूला जेम्स, सैन्य सुमारे २५ हजार. एक प्रॉटेस्टंट, दुसरा कॅथलिक, आणि त्या लढाईची आठवण उत्तर आयर्लंडात अजूनही दर १२ जुलैला मिरवणुका काढून जागवतात. हे सारे मी माहितीच्या फलकावर वाचत असताना भाचा शांतपणे म्हणाला, "मामा, हे दोघे एकमेकांचे कोण होते माहीत आहे? मामा-भाचे."

खरेच होते. विल्यमची आई ही जेम्सची सख्खी बहीण. शिवाय १६७७ मध्ये विल्यमने जेम्सच्या मुलीशी लग्न केले होते. म्हणजे आपल्याकडच्या रीतीप्रमाणे मामाची मुलगी केली आणि मग मामाचे राज्यही घेतले! लढाईत भाचा जिंकला. मामा आधी डब्लिनला आणि तिथून थेट फ्रान्सला पळाला. मराठीत 'मामा बनवणे' हा वाक्प्रचार कुठून आला ते विद्वानांनी शोधावे. बॉइनच्या काठावर एक चक्कर मारायला हरकत नाही. मी भाच्याकडे पाहिले. तो माझ्या सायकलच्या मागच्या चाकात हवा भरत होता. चेहरा अगदी निष्पाप.

हवेवरून आठवले. ज्या टायरवर आपण सगळे बसतो, तो हवेचा टायर याच बेटावर व्यवहारात आला. डनलॉप नावाचे एक स्कॉटिश जनावरांचे डॉक्टर बेलफास्टला दवाखाना चालवत. त्यांच्या पोराची तिचाकी सायकल दगडी रस्त्यावर फार दणके खाई. १८८७ मध्ये त्यांनी तिच्या चाकांना रबरी नळीत हवा भरून बसवली आणि पुढच्या वर्षी पेटंट घेतले. पोराच्या पार्श्वभागाची काळजी करणाऱ्या एका बापामुळे साऱ्या जगाची बसायची सोय झाली. आईबापांच्या काळजीला हसू नये ते यासाठी.

पुढे न्यूग्रेंज. तिथे सायकलने थेट जाता येत नाही. माहिती केंद्रावर सायकल ठेवून त्यांच्या बसने जावे लागते. हा मला त्या दिवसातला सर्वोत्तम नियम वाटला. न्यूग्रेंज म्हणजे इ.स.पूर्व ३२००च्या सुमाराला बांधलेली एक प्रचंड गोल थडगी-टेकडी. गीझाच्या पिरॅमिडांपेक्षा जुनी. आत जायला १९ मीटरचा चिंचोळा बोळ आणि शेवटी दगडी गाभारा. छताचे दगड एकावर एक थोडे पुढे सरकवत नेले आहेत. चुना नाही, सिमेंट नाही, आणि पाच हजार वर्षांत गाभारा गळलेला नाही. आमच्या सोसायटीची गच्ची गेल्या सात वर्षांत तीनदा वॉटरप्रूफ केली. ती दर जूनमध्ये गळते. मी भिंतीला हात लावून मनातल्या मनात कोटेशन मागितले.

पण खरी गंमत पुढेच आहे. दाराच्या वर एक छोटा झरोका आहे. २१ डिसेंबरच्या आगेमागे, वर्षातल्या सर्वांत लहान दिवसांत, उगवत्या सूर्याचा किरण त्या झरोक्यातून शिरतो, बोळातून सरपटत गाभाऱ्यापर्यंत येतो, सुमारे १७ मिनिटे थांबतो आणि परत जातो. १९६७च्या २१ डिसेंबरला ओ'केली नावाच्या पुरातत्त्वज्ञांनी आत एकट्याने बसून ते पाहिले, तेव्हा आजच्या जगाला हे कळले. आपल्या कोल्हापूरच्या अंबाबाईच्या किरणोत्सवासारखेच. फक्त तिथे किरण मावळतीचे असतात, इथे उगवतीचे. आता त्या पहाटेला आत जायला अर्ज मागवून सोडत काढतात. नंबर लागला तरी ढग नसतील याची हमी कोणी देत नाही. आम्हाला दिवे मालवून विजेचा किरण दाखवला. त्या पिवळ्या पट्ट्याकडे पाहताना मी साहजिकच हिशेब केला. हे दगड ओढून आणणाऱ्यांपैकी कितीजणांनी तो पूर्ण झालेला पाहिला असेल? आमच्या धंद्यात रोजची कॅश रोज संध्याकाळी जुळावी लागते. इथे कित्येकांनी जमा आपल्या आयुष्यात केली आणि काढायला भलतेच लोक आले.

मुक्काम स्लेनला. नदीवरचा पूल ओलांडला की गाव एकदम डोक्यावर उभे राहते. तो चढ मी सायकलवरून न चढता सायकलसोबत चढलो. गावाच्या चौकात एकमेकींकडे तोंड केलेली चार सारखी घरे आहेत. चार बहिणींचे पटत नव्हते, पण एकमेकींवर नजर ठेवायची होती, म्हणून त्यांच्यासाठी ती बांधली अशी गावात गोष्ट सांगतात. आमच्या पेठेतल्या माणसाला पुराव्याची गरज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी नॅव्हनमार्गे टाराच्या टेकडीकडे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उंच कुंपणझुडपे, त्यांत पिकलेल्या काळ्या ब्लॅकबेरी, पलीकडे गाई. अंतर विचारावे तर जो तो सांगे, "हे काय, इथेच पुढे." आमच्याकडे खेड्यात विचारले तर 'हाकेच्या अंतरावर' म्हणतात आणि पुढे दोन कोस निघतात. हाक मारणाऱ्याची छाती दोन्ही देशांत सारखीच असावी.

चढ चढताना मला त्यांच्या फ्लॅन ओब्रायनची आठवण आली. खरे नाव ब्रायन ओ'नोलन. डब्लिनला सरकारी नोकरी आणि उरलेल्या वेळात विनोदी लेखन, म्हणजे आमच्याच जातीचा माणूस. त्याची 'द थर्ड पोलिसमन' ही कादंबरी तो गेल्यावर १९६७ मध्ये छापून आली. तीत एक पोलीस म्हणतो की फार सायकल चालवणाऱ्या माणसाचे अणू सायकलीत जातात आणि सायकलीचे माणसात. शेवटी माणूस निम्मा सायकल होतो. हा सिद्धांत मला पूर्ण मान्य आहे. बावीस वर्षांत मी साठ टक्के खुर्ची झालो आहे. सायकलला ते जाणवत असावे.

टारा ही आयर्लंडच्या प्राचीन राजांची जागा. आज तिथे गवत, मातीचे उंचवटे, मेंढ्या आणि एक उभा दगड आहे. खरा राजा आला की तो दगड ओरडतो अशी दंतकथा. मी हात लावला. तो गप्प राहिला. दोनदा प्रमोशन नाकारलेल्या माणसाची माहिती त्याच्यापर्यंत पोचली असावी. याच टेकडीवर डॅनियल ओ'कॉनेलने ब्रिटिशांशी केलेले एकीकरण मोडा म्हणून अफाट सभा घेतली. तारीख १५ ऑगस्ट, साल १८४३! पुढे याच देशातल्या 'होमरूल'चे नाव घेऊन १९१६ मध्ये लोकमान्यांनी आपल्याकडे लीग काढली. त्या टेकडीवर मला एकदम परके वाटेनासे झाले.

पण त्या सभेनंतर दोनच वर्षांनी बटाट्यावर रोग पडला. दुष्काळात दहा लाखांच्या आसपास माणसे मेली आणि तितकीच किंवा जास्त बोटीत बसून देश सोडून गेली. १८४१ च्या शिरगणतीत या बेटावर ८१ लाखांहून अधिक माणसे होती. आज दक्षिण आणि उत्तर मिळून सुमारे ७० लाख. जवळजवळ दोनशे वर्षांनीही बाकी जुळलेली नाही. असा ताळेबंद मी आयुष्यात पाहिला नव्हता.

चहाच्या दुकानात एक वृद्ध बाई आमच्या टेबलाशी येऊन बसल्या. मुलगा का, म्हणून त्यांनी विचारले. मी म्हणालो, भाचा. मग त्याची आई कुठे असते ते विचारले. त्यांचे दोन मुलगे ऑस्ट्रेलियात होते. त्यांनी 'अमेरिकन वेक'बद्दल सांगितले. मेलेल्या माणसाजवळ रात्रभर जागायची तिकडे रीत. पोरगा अमेरिकेला निघाला की आदल्या रात्री घरात तसेच जागत. गाणी, नाच आणि पहाटे रडारड. कारण तो परत दिसणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असे. "हा आईला फोन करतो का?" बाईंनी विचारले. दर रविवारी करतो, मी म्हणालो. "मग छान आहे," बाई म्हणाल्या आणि चहात दूध ओतू लागल्या.

ताईच्या वाक्यांतले एकही वाक्य त्यानंतर मला तोंडातून काढवेना. मुंबईच्या विमानतळावर ताईने सहा वर्षांपूर्वी जे केले, ते वेकच होते. फक्त नाच नव्हता आणि बटाट्याची भाजी होती.

वाटेत बेक्टिव्हचा पडका मठ पाहून संध्याकाळी ट्रिमला पोचलो. तिथे नॉर्मन सरदार ह्यू द लेसीने बाराव्या शतकात सुरू केलेला किल्ला आहे. 'ब्रेव्हहार्ट' सिनेमातला काही भाग तिथे चित्रित झाला. भिंतीला टेकून आम्ही पाय लांब केले. भाचा म्हणाला, "मामा, हा पूर्ण व्हायला तीस वर्षं लागली."

ही संधी सोडण्यात अर्थ नव्हता. मी म्हणालो, "आणि मालक ११८६ मध्येच मारला गेला. कर्जाबरोबर विमा घेतलास का?"

भाचा माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याने मोबाईलवर कागद उघडले आणि ट्रिमच्या किल्ल्याच्या सावलीत आम्ही तासभर हप्ता, व्याजाचा दर, तो किती वर्षे कायम, आधी फेडल्यास दंड किती, हे बघितले. उभ्या प्रवासात मी न अडखळता बोललो तो एवढाच वेळ. कागद चोख होते. पोरगा हिशेबी निघाला. ताईवर गेला आहे.

रात्री ताईचा फोन आला. साताऱ्याला तेव्हा मध्यरात्र उलटली होती.

"बोललास का रे?"

"बोललो."

"मग?"

"कर्ज चांगलं आहे, ताई."

पलीकडे बराच वेळ काही ऐकू येईना. मी समुद्रापलीकडच्या लाइनला दोष देणार, तेवढ्यात ती म्हणाली, "घरात जास्तीची खोली आहे का?"

"आहे. मी आधी तेच विचारलं."

"आणि रस्ता कसा आहे? माझे गुडघे तुला माहीत आहेत."

"स्टेशनपासून थोडा चढ आहे," मी म्हणालो. "पण परत येताना उतार."