पाचशे तास कुठून आणायचे?

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना सर्टिफिकेट म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. आठवडाभर डम्प्स पाठ करायचे, शनिवारी परीक्षा द्यायची, सोमवारी मॅनेजरला मेल टाकायचा. हाय काय अन् नाय काय!

पण मंडळी, सगळीच सर्टिफिकेटं अशी नसतात. माझी मावसबहीण आठ वर्षं टेस्टिंगमध्ये आहे. मुलगा झाल्यापासून तिच्या डोक्यात एकच आहे, लॅक्टेशन कन्सल्टंट व्हायचं. म्हणजे बाळंतिणीला अंगावर पाजायला शिकवणारी, अडलं तर मदत करणारी बाई. "दादा, नोकरी सोडू का ते सांग. एक एक्सेल करून दे," म्हणाली. चालू पगार सोडायचा म्हणजे घराचा हप्ता आला, म्हणून मीही नीट बसलो.

या क्षेत्रात जगभर मानलं जाणारं प्रमाणपत्र म्हणजे आयबीसीएलसी. त्याची परीक्षा १९८५ पासून होते. पेपर १७५ प्रश्नांचा, सगळे पर्यायांचे, आणि बरेचसे फोटो दाखवून विचारलेले. त्याआधी स्तनपानाविषयीचं ९५ तासांचं शिक्षण लागतं, त्यातले ५ तास निव्वळ 'बोलावं कसं' यावर. शिवाय शरीररचना, पोषण, मानसशास्त्र, संसर्ग नियंत्रण वगैरे आरोग्याचे १४ विषय. इथपर्यंत ठीक आहे. पुस्तकं असतात, ऑनलाईन कोर्स असतात, रात्री जागून होतं.

खरी मेख पुढे आहे. तास! डॉक्टर, नर्स अशा आरोग्य क्षेत्रातल्या लोकांना परीक्षेआधीच्या पाच वर्षांत १००० तास प्रत्यक्ष काम दाखवावं लागतं. ते त्यांच्या ड्यूटीत जमू शकतं. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाला बसलात तर देखरेखीखाली ३००. आणि माझ्या बहिणीसारखी बाहेरून येणारी असेल तर आधीच आयबीसीएलसी असलेल्या व्यक्तीच्या हाताखाली ५०० तास. नोकरी सांभाळून दर शनिवारी चार तास धरले तर १२५ शनिवार. जवळजवळ अडीच वर्षं, एकही सुट्टी न घेता.

एवढे तास कशाला? कारण हे काम कळतं ते बघून. बाळाने नुसतं टोक तोंडात धरलं तर आईला जखमा होतात आणि बाळ उपाशी राहतं. तोंड मोठं उघडून भोवतालचा काळसर भागही आत जायला हवा. वाचायला सोपं वाटतं. पण टाके दुखत असलेली, रात्रभर न झोपलेली आई, किंचाळणारं बाळ आणि शेजारी "दूधच येत नाहीये, वरचं द्या" म्हणणाऱ्या तीन बायका... तिथे कुशीची उशी दोन इंच सरकवायची की बाळाची जीभ चिकटलेली आहे का ते बालरोगतज्ज्ञांना दाखवायला सांगायचं, हे दहावीस बाळं बघून येत नाही. कन्सल्टंट निदान करत नाही, औषध लिहून देत नाही. म्हणूनच कुठे थांबायचं आणि कुणाकडे पाठवायचं, हेही त्या तासांतच शिकायचं.

गरज नाही असं कुणी म्हणू नये. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली होती, पण जन्मल्यावर तासाभरात आईचं दूध मिळालेली बाळं ४१.८ टक्केच. म्हणजे दवाखाना आहे, पंखा आहे, नर्स आहे, पण त्या पहिल्या तासात बाईजवळ बसायला कुणाला सवड नाही. सिझेरियन असेल तर विचारूच नका. आणि २०१७ पासून २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली तरी ती संपल्यावर पंप, फ्रीज आणि मीटिंग यांचं गणित आपल्याच ऑफिसातल्या पोरींना सोडवावं लागतं. त्यांना गुगल नको असतं, कुणीतरी माणूस हवं असतं.

तर एक्सेलमध्ये फीचा रकाना, पगाराचा रकाना सगळं भरलं. पण सर्वात वर एकच ओळ लिहिली: मार्गदर्शक कोण? कारण कोर्स विकणारे भरपूर आहेत, चार दिवसांत समुपदेशक करून देणारेही आहेत. हाताखाली घेऊन पाचशे तास शिकवणारी व्यक्ती आपल्या शहरात आहे का, हे मात्र फोन करून, पायपीट करूनच कळतं. ती सापडली नाही तर ९५ तासांचा कोर्स नुसता ड्राइव्हवर पडून राहणार. शिवाय आधी आराखडा मंजूर करून घ्यायचा, मग तास मोजायचे. केलेले तास मागाहून दाखवून चालत नाही.

बहिणीने राजीनामा दिलेला नाही. आधी मार्गदर्शक शोधतेय, दोघींशी बोलणं झालंय. एकीने तिला विचारलं, "बाळ रडताना तू पाच मिनिटं हात न लावता नुसती बघत बसू शकशील का?" टेस्टर बाई आहे, म्हणाली, "बघणं हेच तर माझं काम!"

मला वाटतं तिला जमेल. तुमच्यापैकी कुणाच्या मनात हे असेल तर कोर्सच्या पानावर क्रेडिट कार्ड काढण्याआधी ती पहिली ओळ भरा. बाकीचे रकाने नंतर भरले तरी चालतील.