एका जन्मनोंदीचा शोध

कुलवृत्तान्ताचा ग्रंथ ज्या घरात नाही असे घर आमच्या वाचकांत थोडेच असेल. जाडजूड बांधणीचा तो ग्रंथ बहुधा देवघराशेजारच्या कपाटात जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्यावर पडलेला असतो. मुंज अथवा लग्न निघाले म्हणजे तेवढ्यापुरता खाली उतरतो आणि पुन्हा आपल्या जागी जातो. ज्या गृहस्थांनी पदरमोड करून, गावोगाव पत्रे धाडून, क्षेत्रोपाध्यांच्या वह्या चाळून हे ग्रंथ सिद्ध केले, त्यांच्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु त्यांत पुत्रांची नावे, शिक्षण, हुद्दे सविस्तर सापडतात, सुनांची माहेरे सापडतात, आणि कन्यांच्या वाट्यास मात्र पुष्कळ ठिकाणी नुसता आकडा येतो. ‘कन्या २’ म्हटले की काम भागले. लहानपणीच गेलेल्या कन्येस तर तो आकडाही लाभत नाही.

आमच्या पणजोबांच्या नावापुढे दोन पुत्र आहेत, कन्या नाही. आमच्या आत्याबाई आज एक्याण्णव वर्षांच्या आहेत. घराण्याच्या ग्रंथाची नवी आवृत्ती निघावयाची म्हणून मंडळाकडून माहितीचे छापील पत्रक आले, ते आम्ही त्यांना वाचून दाखविले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “अरे, बाबांना एक थोरली बहीण होती. घोडपदेवला झालेली, प्लेगाच्या सालची. पाचवे लागायच्या आत गेली. तिला कुठे लिहिलंय?” कोठेच लिहिलेले नव्हते. तिचे नाव आत्याबाईंस ठाऊक नव्हते. त्यांच्या आजीने ते पुन्हा कधी उच्चारलेच नाही म्हणे. ती मुलगी होऊन गेली हे सांगणारे आत्याबाईंखेरीज आता दुसरे कोणी राहिलेले नाही, हे त्या क्षणी घरातील सर्वांच्याच ध्यानात आले.

धाकट्या चिरंजिवांनी तत्काळ संगणक उघडला. अर्ध्या तासात त्यांनी एका इंग्रज गृहस्थाच्या सात पिढ्या आमच्यापुढे मांडल्या! विलायतेत खेडोपाडीच्या चर्चमधून बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या वह्या १५३८ सालापासून ठेवीत आले आहेत, आणि १ जुलै १८३७ पासून सरकारी नोंदणी चालू आहे. अमेरिकेत कौंटीच्या कचेरीत मनुष्य पत्राने विचारणा करून आपल्या आजोबांची जन्मनोंद मागवितो. मुंबईत जन्मलेल्या गोऱ्या साहेबांच्या मुलांची बाप्तिस्म्याची नोंदही लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपून ठेवलेली सापडते. घोडपदेवच्या चाळीत जन्मलेल्या कारकुनाच्या मुलीची नोंद त्या वाटेने सापडण्याजोगी नव्हती, हे उघडच आहे. आपल्याकडे वाट निराळी. आणि ती चालू लागण्यापूर्वी घरातच पुष्कळ काम असते.

पहिले काम सालाचे. ‘प्लेगाचे साल’ म्हणजे कोणते? मुंबईत मांडवी भागात १८९६ च्या सप्टेंबरात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, हे खरे. पण तो पाहुणा एका सालात परतला नाही, पुढे वर्षानुवर्षे येतच राहिला. आत्याबाईंच्या आजीच्या तोंडचे एक वाक्य येथे उपयोगी पडले. “दुर्मुखाची पोर, पण तोंड हसरं,” असे ती माउली कधी तरी म्हणून जाई, आणि पौषातली थंडीही सांगे. आत्याबाईंना आजवर तो नुसता बोलण्याचा प्रकार वाटत असे. परंतु दुर्मुख हे साठ संवत्सरांतील एकाचे नाव आहे, आणि त्या सुमारास दुर्मुख संवत्सर एकदाच येते, ते शके १८१८. शकात ७८ मिळविले की इसवी सन येतो, हे आपण सर्व जाणतोच. मात्र पौषात जानेवारी लागला की ७९ मिळवावे लागतात, आणि येथे बरेच जण चुकतात. त्या वर्षीचा पौष १८९७ च्या जानेवारीत पडला होता.

जन्मपत्रिका हाती असणारांनी आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. आपला वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत, इंग्रजी तारीख मध्यरात्रीपासून; तेव्हा पहाटे तीनला जन्मलेले मूल पत्रिकेत मंगळवारचे आणि सरकारी वहीत बुधवारचे असू शकते. दुसरे असे की १९०६ साली हिंदुस्थानभर एक वेळ ठरली तरी मुंबईने आपली ‘मुंबई टाइम’ १९५५ पर्यंत सोडली नाही. ती ३९ मिनिटे मागे असे. जुनी पत्रिका आणि दवाखान्याचा कागद जुळेना म्हणून ज्योतिषीबुवांस दोष देण्यापूर्वी हे पाहावे. शाळेच्या रजिस्टरातील तारखेवर मात्र आमचा फारसा विश्वास नाही. जून महिन्यात शाळा उघडते म्हणून मास्तरांनी १ जून ही जन्मतारीख किती मुलांच्या माथी मारली असेल, याची गणती कोणी केलेली नाही.

दुसरा प्रश्न ठिकाणाचा. पहिले बाळंतपण माहेरी, हा आपला रिवाज. त्यामुळे मुंबईकर घराण्यांतील वडील मुलांच्या नोंदी मुंबईत शोधणे बहुधा व्यर्थ असते. त्या आजीच्या माहेरगावी, गाव नमुना क्रमांक १४ मध्ये, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात त्या वहीत निघतात. आमच्या पणजीचे माहेर कोकणात. मग मुलगी घोडपदेवला कशी झाली? आत्याबाईंच्या आठवणीवर शंका घेणारेही घरात निघाले. आमचे मत असे की, त्या हिवाळ्यात मुंबई सोडणारांची संख्या अफाट असली तरी आगगाडीच्या आणि आगबोटीच्या उतारूंस थांबवून तपासणी चालू झाली होती, आणि दिवस भरत आलेल्या बाईला त्या तपासणीतून नेण्याचे धाडस पणजोबांना झाले नसावे. ते बंदरातील एका गोदामावर कारकून होते. प्रिन्सेस डॉक १८८० मध्ये व व्हिक्टोरिया डॉक १८८८ मध्ये उघडला, तेव्हापासून त्या बाजूस कामाला तोटा नव्हता. आपल्या लोकांची वस्ती गिरगावात. पण कचेरी जवळ पडावी म्हणून त्यांनी घोडपदेवला दोन खोल्या घेतल्या होत्या. रे रोडचे स्टेशन तेव्हा नव्हते, ते १९१० चे. घोडपदेवाचे देऊळ, आजूबाजूला गिरणीतील व गोदीतील कामकऱ्यांच्या चाळी, आणि त्यांत एक ब्राह्मणाचे बिऱ्हाड. शेजारणींनी त्या बाळंतपणात काय केले असेल ते कोणत्याच वहीत नाही.

आता सरकारी वहीकडे. १८८६ साली देशभरासाठी जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा झाला तो ऐच्छिक होता. सक्तीचा म्हणता येईल असा सबंध देशाचा कायदा १९६९ चा. मुंबई शहर मात्र यात पुढे होते. १८८८ च्या महापालिका कायद्यातच जन्ममृत्यूच्या नोंदीची तरतूद आहे, आणि घोडपदेव आजही पालिकेच्या ‘ई’ विभागात मोडते. अर्ज करणाराने वर्ष निश्चित सांगावे. शोधाचे शुल्क वर्षागणिक पडते, आणि वह्या नावाच्या क्रमाने लावलेल्या नसून तारखेच्या क्रमाने असतात. ‘पणजोबांच्या वेळची नोंद पाहा’ असे म्हणणारास कोणताही कारकून हात जोडील. स्थळाचे नावही एकच धरून बसू नये. घोडपदेवचे इंग्रजी लेखन जुन्या कागदांत ‘घोरुपदेव’ असे आढळते. शिवाय माझगाव, ताडवाडी, भायखळा यांपैकी कोणत्याही नावाखाली तो पत्ता गेलेला असू शकतो. आडनावाची तर इंग्रजीत कोण दशा होते, हे सांगावयास नकोच.

नोंद मिळाली. ९ जानेवारी १८९७. बापाचे नाव, आडनावातील एक अक्षर गाळून, धंदा कारकुनी, जात ब्राह्मण, स्थळ घोरुपदेव, लिंग स्त्री. नावाचा रकाना कोरा.

आम्ही घरी येऊन हे सांगितले तेव्हा आत्याबाई प्रथम ‘होती ना?’ एवढेच म्हणाल्या. नाव नाही, हे त्यांना दुसऱ्यांदा सांगावे लागले.

हा रकाना कोरा राहण्यात कोणाचा हलगर्जीपणा नाही. मूल झाले की वर्दी द्यावयाची, आणि नाव ठेवावयाचे बाराव्या दिवशी. बारशानंतर पुन्हा कचेरीत जाऊन नाव भरून घेणारा बाप त्या काळी विरळा. आजही ज्यांच्या घरी नातवंड झाले आहे त्यांनी हे पाहून घ्यावे. १९६९ च्या कायद्याप्रमाणे नाव भरण्यास पहिले बारा महिने शुल्क पडत नाही, पुढे पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून ते घालता येते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांस शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंत जन्माचा दाखलाच पुरावा म्हणून लागणार आहे, तेव्हा ही हयगय पुढे महागात पडेल.

मृत्यूची नोंदही आम्ही शोधली. ती मुंबईत मिळाली नाही. मुलगी कोकणात गेली असा आत्याबाईंचा समज आहे. तेथील एका तालुक्याच्या कचेरीत त्या वर्षांची पाने वाळवीच्या स्वाधीन झालेली निघाली. इतर ठिकाणी शोध करणारांस मात्र आजचा काळ अनुकूल आहे. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सरकारने हाती घेतल्यापासून कित्येक तहसिलांतील कोतवाल बुके धूळ झटकून बाहेर आली, त्यांची छायाचित्रे निघाली, आणि जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढली. ते काम ज्या कारणाने झाले ते वेगळे; वंशावळ शोधणाराने त्याचा लाभ अवश्य घ्यावा. मृत्यूच्या दाखल्यात कारण मात्र दिले जात नाही, कायद्यानेच ते वर्ज्य आहे. तेव्हा ती प्लेगाने गेली की देवीने, की नुसत्या तापाने, हा प्रश्न आम्ही सोडून दिला.

नाव निघाले ते घरातूनच. आजोबांच्या ट्रंकेत पणजोबांची खर्चाची एक मोडी वही होती. मोडी १९५० च्या सुमारास शाळांतून व कचेऱ्यांतून हद्दपार झाल्यापासून ती आमच्या घरात कोणालाच वाचता येत नव्हती, आणि म्हणून तिला कोणी हातही लावला नव्हता. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग चालविते. तेथे शिकलेल्या एका तरुण मुलीने दोन दुपारी बसून आम्हांस ती वाचून दिली. तांदूळ, घासलेट, भाडे, गावी मनिऑर्डर. आणि पौष वद्य पक्षाच्या आरंभी, जन्मापासून बरोबर बाराव्या दिवशी, घुगऱ्यांसाठी हरभरे, खोबरे, कुंचीस कापड, असा खर्च मांडून पुढे ‘चिरंजीविनी’ म्हणून तिचे नाव. ते नाव येथे छापण्याचे आम्हांस प्रयोजन वाटत नाही. वाचणाऱ्या मुलीने ते मोठ्याने उच्चारले, आत्याबाईंनी तिच्याकडून ते तीनदा म्हणवून घेतले, आणि मग आपल्या हाताने देवनागरीत एका कागदावर लिहिले. ह्या घरात तिच्यानंतर चार पिढ्यांत कोणाही मुलीचे ते नाव ठेवलेले नाही. ते मुद्दाम टाळले गेले असावे, असे आमच्या वहिनींचे म्हणणे आहे, आणि ते आम्हांस खरे वाटते.

मंडळाच्या पत्रकात ‘अपत्ये’ या सदरात पुत्रांसाठी पाच ओळी आहेत व कन्यांसाठी दोन. त्यांतही ‘विवाहित असल्यास सासरचे नाव’ अशी सूचना आहे. अविवाहित, अल्पायुषी कन्येची सोय नाही. आम्ही पुत्रांच्या वर, कारण ती वडील, एक ओळ हाताने आखून तिचे नाव, जन्मतिथी, इंग्रजी तारीख व ‘घोडपदेव, मुंबई’ असे लिहिले आणि पालिकेच्या दाखल्याची नक्कल व मोडी पानाचे छायाचित्र सोबत जोडले. चिटणिसांचे उत्तर आले की, छपाईचा नमुना ठरलेला असल्यामुळे असा क्रम बदलणे शक्य होईल असे वाटत नाही, तरी समितीपुढे ठेवतो. समितीची सभा पुढील महिन्यात आहे. आत्याबाईंना आम्ही गाडी करून घेऊन जाणार आहोत. त्यांनी जावयाची साडी आताच काढून ठेविली आहे.