परदेशातील शिक्षिकेचे ताट

धाराशिवच्या व्यापारी घरातील मुलगी परदेशी शिकविण्यास निघाली, की आईचा पहिला प्रश्न असतो, ‘तिथे खाशील काय?’ पंडिता रमाबाईंपुढेही तो होताच. १८८४ ते १८८६ या काळात इंग्लंडमधील चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या संस्कृत शिकवीत आणि स्वतः इंग्रजी शिकत. लहानगी मनोरमा सोबत होती. ख्रिस्ती धर्म स्वीकारूनही त्यांनी शाकाहार सोडला नाही. सिस्टर जेराल्डाइन यांना त्यात जुना अभिमान दिसला. पत्रांतून खटके उडाले. पुरुष विद्यार्थ्यांना शिकविल्यास हिंदुस्थानात मान उणावेल, हे वडीलधाऱ्यांचे मतही रमाबाईंना रुचले नाही. भाषा परक्यांची अवश्य शिकावी. ताटातील संयम मात्र स्वतःच्या विवेकाने ठरवावा. आईच्या प्रश्नाचे खरे उत्तर तेच.