जळका पॉइंट

भोपाळच्या शाहपुऱ्यात माझी मावशी राहायची, तलावापासून पाच मिनिटांवर. २००७ च्या डिसेंबरात तिच्याकडे गेलो तर घरात जरा तंग वातावरण. कारण काय, तर काकांची चेतक!

बजाजने १९७२ साली चेतक आणली आणि पुढे कित्येक वर्षं ती नंबर लावूनच मिळायची. काकांची त्यातलीच, जुनी, पॉइंटवाली. भेलमध्ये नोकरीला होते तेव्हापासून तिची सगळी कामं ते स्वतः करायचे. आता वय चौऱ्याहत्तर. महिन्याभरात दोनदा नवे पॉइंट बसवले आणि दोन्ही जळाले. बिट्टन मार्केटला भाजी आणायला निघाले की गाडी मधेच बंद. मग ती आडवी कलंडवायची, किका मारायच्या, ढकलत घरी आणायची. मावसभावाचं एकच पालुपद, "बाबा, विकून टाका आता."

काका त्याच्यापुढे काही बोलत नसत. मला मात्र हळूच म्हणाले, "अरे, माझा हातच गेला बहुतेक. गॅप जमत नाही."

ऐकून कसंसंच झालं. आमच्याकडे फोंड्याला पावसाळी दमट हवेने बाबांच्या स्कूटरचे पॉइंट पांढुरके पडायचे. पॉलिश पेपरने घासले की गाडी चालू. इथे भोपाळच्या कोरड्या थंडीत तो प्रश्न नव्हता. हे पॉइंट चक्क काळेनिळे झाले होते, एकावर खड्डा, दुसऱ्यावर उंचवटा.

दुसऱ्या दिवशी अंगणात पोतं पसरून बसलो. पंख्यावरचं झाकण काढलं, नट सोडवला, पुलर लावून फ्लायव्हील बाहेर घेतलं. नवा पॉइंट मी मुद्दाम काकांनाच बसवायला सांगितला. बोटं थरथरत होती खरी, पण स्क्रू आवळताना स्थिर झाली. मग मी फिलर गेज घातला. ०.४ मिलिमीटर, बरोब्बर!

म्हणजे चूक हाताची नव्हती. मग पॉइंट जळतो का?

पॉइंट उघडला की कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि त्या धक्क्याने प्लगला ठिणगी मिळते. दोन स्ट्रोकच्या इंजिनात हे प्रत्येक फेऱ्याला होतं. मिनिटाला तीन हजार फेरे धरले तर सेकंदाला पन्नास वेळा. पण तुटणारा प्रवाह पॉइंटच्या फटीतूनही उडी मारू बघतो. ती उडी झेलायला शेजारी कंडेन्सर असतो, बोटाच्या पेराएवढी पत्र्याची डबी. तो गेला की ठिणगी पॉइंटवरच पडते, पॉइंट भाजतो आणि प्लगपर्यंत नीट काही पोचत नाही. पॉइंट कितीही बदला, महिन्याभरात पुन्हा तेच. जळलेला पॉइंट डोळ्यांना दिसतो, म्हणून दोष त्याला लागतो. कंडेन्सर वरून अगदी नव्यासारखा दिसत असतो. काकांनी इतक्या वर्षांत तो बदललाच नव्हता.

मार्केटमधून कंडेन्सर आणला. प्लग काढून इंजिनाला टेकवून धरला आणि काकांनी किक मारली. आदल्या दिवशीची ठिणगी पिवळट, मरतुकडी होती. आज टच्चकन निळी! काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग आत वळून ओरडले, "अगं ऐकलंस का, कंडेन्सर होता!" तेवढंच. पण संध्याकाळी मावशीला मागे बसवून तलावाच्या बांधावर फिरवून आणलं.

पुढे दोन वर्षांनी ती स्कूटर त्यांनी विकलीच. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, त्यांना वाटलं म्हणून. पेट्रोलच्या चेतकही तोवर बंद झाल्या होत्या. २०२० साली त्याच नावाची विजेवरची स्कूटर आली. तिच्यात प्लग नाही, पॉइंट नाही, कंडेन्सर बदलायची कटकट नाही. चांगलंच आहे म्हणा.

एक मात्र त्या दिवसापासून लागलेली सवय आहे. एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या हातून तीच गोष्ट पुन्हा पुन्हा बिघडली, की मी आधी कंडेन्सर शोधतो.