पाटोदा ते दिघोळ

संत एकनाथांची पालखी ज्येष्ठ वद्यात पैठणहून निघते आणि बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या रांगा ओलांडून पंढरीस जाते. आळंदी-देहूच्या पालख्यांचे वैभव तिला नाही. कॅमेरेही तिच्यामागे फारसे धावत नाहीत. वारीची माझी पहिली ओळख सेमिनरीच्या ग्रंथालयातली. देल्यूरी या फ्रेंच जेझुइट अभ्यासकाचा विठोबाच्या उपासनेवरील १९६० सालचा ग्रंथ तेव्हा मी आस्थेने वाचला होता. प्रत्यक्ष चालण्याचा योग मात्र २०२३ च्या जूनमध्ये आला, तोही एका दिवसापुरता: पाटोद्याच्या मुक्कामापासून अहिल्यानगर जिल्ह्यातील दिघोळच्या मुक्कामापर्यंत.

त्या वर्षी पाऊस लांबला होता. मांजरा नदी याच पाटोदा तालुक्यात उगम पावते; पण वाटेतले ओढे कोरडे, नांगरलेली शेते पेरणीवाचून उघडी. पहाटे राहुट्या उतरल्या, सामान ट्रकमध्ये चढले आणि दिंड्या मार्गस्थ झाल्या. जी गावे स्वतः टँकरची वाट पाहत होती, त्यांनी रस्त्याच्या कडेला पाण्याचे रांजण भरून ठेवले होते. एका वस्तीवर पिठले-भाकरी मिळाली. मी कोण, कुठला, हे कोणी विचारले नाही. सर्वांप्रमाणे मीही 'माउली'च होतो.

स्पेनमध्ये प्रेषित याकोबाच्या सान्तियागो या तीर्थाकडे जाणारे यात्रेकरू ठिकठिकाणच्या निवाऱ्यांत आपल्या पुस्तिकेवर शिक्का उमटवून घेतात. निदान शेवटचे शंभर किलोमीटर पायी चालल्याचा तो पुरावा. पैठणच्या वाटेवर पुरावा मागणारा कोणी भेटला नाही. या जिल्ह्यातील माणसांना हजेरीचा जो अनुभव आहे तो निराळाच. माझ्या पुढे एक तिशीतील स्त्री डोईवर तुळस घेऊन चालत होती. शिरूर तालुक्यातील ही ऊसतोड कामगार. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन नवऱ्याबरोबर साखर कारखान्याच्या पट्ट्यात जायचे, पाचटाच्या कोपीत सहा महिने काढायचे. पतीपत्नी मिळून 'एक कोयता' मोजला जातो, आणि एक दिवस आजारी पडले तरी खाडा धरून पैसे कापतात.

ती मधूनच कंबरेवर हात ठेवून थांबे. शेजारची वृद्धा हळूच म्हणाली, "तिची पिशवी काढलीय, माउली. कामाला खाडा नको म्हणून." पिशवी म्हणजे गर्भाशय. बीडच्या ऊसतोड स्त्रियांवरील या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, चौकशी समितीही नेमली गेली. त्या बातम्या मी वाचल्या होत्या. त्यावर प्रवचनात बोललोही होतो. तिच्या मागून चालताना मात्र मला काही बोलता येईना.

पारगाव घुमऱ्याला रिंगण झाले. पताकावाले धावले, विणेकरी धावले, मग तुळशीवाल्या स्त्रिया. तिने धावू नये असे मला मनापासून वाटत होते. ती धावली. पूर्ण फेरा घेऊन परतली तेव्हा तिचा चेहरा एखाद्या शाळकरी मुलीसारखा उजळला होता, आणि वृद्धा तिला लटकेच रागावत होती.

सायंकाळी दिघोळला हरिपाठ झाल्यावर ती वृद्धेच्या पायांना तेल चोळीत बसली होती. मला रविवारच्या मिस्सेसाठी परतणे भाग होते. निरोप घेताना मी धर्मगुरू असल्याचे सांगितले. तिला त्याचे फारसे नवल वाटले नाही. "तुमच्यात बी चालत जात्यात का, बाबा?" तिने विचारले. तमिळ भाविक भगवी वस्त्रे नेसून वेलंकनी मातेच्या दर्शनाला कैक दिवस चालत जातात, हे मी तिला सांगितले.

"बाया बी?"

"हो, बायासुद्धा."

ती क्षणभर तेलाचा हात तसाच ठेवून राहिली. मग म्हणाली, "चालताना कुणी थांबलं तर बाकीचे थांबत्यात ना तिथं?"