महाबळेश्वरच्या वाटेवरची रासबेरी

वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणीला आलात की हवा बदलते. तिथून महाबळेश्वराकडे निघालात की जांभ्याची तांबडी माती लागते. इथली स्ट्रॉबेरी तुम्ही ओळखताच. पण उन्हाळ्यात कडेला द्रोणांत काळपट जांभळी फळे दिसली तर थांबा, ती रासबेरी. महाबळेश्वरी वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हा आकडा ध्यानात ठेवा, या झाडाचे मोठे दुखणे त्यातूनच निघते.

गेल्या ऑक्टोबरात तिथल्या एका परसात गेलो. चाळीसएक झाडे, बरीच पिवळी पडलेली. घरच्या बाईंनी कुदळ काढून ठेवलीच होती.

"साहेब, तुम्ही होळीच्या वेळी सांगितलंत म्हणून युरिया घातला, पाणी वाढवलं. आता उपटूनच टाकते. पोरांच्या वह्या-पुस्तकांचं यावरच भागायचं हो."

खरे होते ते. घाईत होतो, नुसती पाने पाहिली आणि सल्ला देऊन मोकळा झालो. या वेळी कुदळ मीच घेतली.

वाचकहो, जमीन ओली असूनही दुपारी झाड मान टाकत असेल तर पाणी देऊ नका, आधी मूळ उकरा. नखाने साल खरवडा. आत पांढरे असेल तर मूळ जिवंत आहे. तांबूस तपकिरी निघाले तर ती मूळकूज. बाईंच्या परसात खालच्या कोपऱ्यातली सगळी मुळे तांबूस. न्हाणीचे पाणीही तिथेच मुरत होते! कुजलेल्या मुळांना युरिया म्हणजे पोट बिघडलेल्याला लाडू.

ती तेरा झाडे मुळांसकट काढून जाळली. त्या जागी पुन्हा रासबेरी लावायची नाही. न्हाणीचे पाणी चर खणून बाहेर काढले. वरच्या कोपऱ्यात वीतभर उंच गादीवाफा केला, त्यात कुजलेले शेणखत आणि ट्रायकोडर्मा मिसळले. निरोगी झाडाच्या लांब फांदीचे टोक मातीत दाबले की त्याला मुळ्या फुटतात. तीच नवी रोपे. औषध विचाराल, तर पाणी तुंबलेले असताना कोणतेही बुरशीनाशक पैसे वाया घालवते.

वरच्या बाजूच्या वाळक्या काठ्याही बाई रोगट समजत होत्या. तसे नव्हे. रासबेरीची काठी एका वर्षी वाढते, पुढच्या वर्षी फळते आणि वाळते. फळे संपली की ती जमिनीलगत कापायची, नव्या काठ्यांना वारा-ऊन मिळते.

या उन्हाळ्यात पुन्हा गेलो. उरलेल्या सत्तावीस झाडांना फळ होते, वाफ्यातली रोपे गुडघ्याला आली होती. बाईंनी द्रोण पुढे केला. मी म्हटले, "वहिनी, आधी चर दाखवा." चर कोरडा ठणठणीत होता. मग फळे खाल्ली.